सर्वांच्या पानावर चालेल असा रोल

हिवाळ्यातील रविवार. पुण्याला आणि बंगळुरूला नोकरी करणारी मुले-सुना सुटीसाठी नागपूरला आलेली असतात, लेकी-जावई येणार असतात आणि दुपारी तीन वाजल्यापासूनच स्वयंपाकघरात लगबग सुरू झालेली असते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि घरातील ज्येष्ठांचा चौविहार असतो. शेगडीवर टोमॅटोचे सार उकळत असते. इतक्यात नातू बाजारातून आणलेली पिशवी उघडतो आणि लोण्याने चकाकणारे, हिरव्या पाल्याचे बारीक ठिपके असलेले मऊ, गोल रोल ताटात मांडतो. आजी एक रोल हातात घेते, वास घेते आणि विचारते, "बाळा, यात काय काय घातलं आहे?"

"आजी, हिरवा ठिपका आहे ना डब्यावर!"

आजी रोल जागच्या जागी ठेवते. "तुम्ही खा रे," एवढेच म्हणते आणि स्वतःसाठी दोन फुलके टाकायला सांगते. भांडण होत नाही आणि कोणी रुसतही नाही. परंतु एका पंगतीच्या दोन पंगती झालेल्या असतात. मुले मऊ रोल खातात, ज्येष्ठ फुलका खातात आणि सून दोन्हीकडे वाढत राहते.

हे दृश्य इतवारीपासून वर्धमाननगरपर्यंत अनेक घरांना परिचित आहे. डिनर रोल हा पदार्थ आपल्याकडे हॉटेलांतून आणि लग्नसमारंभांतील बुफेमधून आला. साराबरोबर खाण्याचा, मुठीत मावणारा, वरून लोणी आणि सुगंधी पाला लावलेला हा छोटा पाव मुलांना आवडतो, यात नवल नाही. प्रश्न आवडीचा नाही. आजीच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देता येईल असा रोल घरच्या भट्टीत तयार होऊ शकतो का, आणि झाल्यास तो सर्वांच्या पानावर वाढता येईल का, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी रोलच्या प्रत्येक घटकाचा हिशेब नीट मांडावा लागतो.

विदर्भाचा जुना रोल

निखाऱ्यावर भाजलेला, तुपात भिजवलेला गव्हाचा गोळा आणि त्याभोवती जमलेले कुटुंब हे चित्र विदर्भाला मुळीच परके नाही. रोडगे हा या मातीतील जुना पदार्थ होय. जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट भिजवतात. तिच्या लहान पोळ्या लाटून प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवतात, त्या एकावर एक रचतात आणि शेवटच्या पोळीत सर्वांना गुंडाळून गोळा वळतात. गोवऱ्यांची आर पडली की हे गोळे तिच्यात खुपसून भाजतात. बाहेरून खरपूस झालेला रोडगा राख झटकून फोडला की आतून पदर सुटतात आणि त्यांवर तुपाची धार धरली जाते. शेतातील जेवण असो की नवसाचे, रोडग्यांचा बेत चार माणसांसाठी कोणी करीत नाही. तो गोतावळ्यासाठीच असतो.

राजस्थानातून व्यापारानिमित्त नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या भागांत स्थिरावलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर बाटी आणली. बाटी गोल, एकसंध आणि घट्ट असते, तर रोडग्याला पदर असतात. मात्र निखारा, गहू आणि तूप हे तिन्ही दोघांत समान आहेत. बाटी आधी पाण्यात उकळून मग भाजली की तिचा बाफला होतो आणि तो आतून अधिक मऊ राहतो.

जैन घरांनी या बेतातही आपल्या आचारानुसार फेरबदल केलेच. रोडग्यांबरोबरची प्रसिद्ध वांग्याची भाजी बहुबीज म्हणून अनेक घरांनी वगळली आणि तिच्या जागी डाळ किंवा गट्टे आले. गोवऱ्यांत जीवजंतू असण्याची शक्यता लक्षात घेऊन त्या झटकून, पाहून घेण्याची जयणा आली. पुढे कित्येक घरांत गोवऱ्यांच्या जागी गॅस तंदूर आला. बेत तोच राहिला, माणसे तीच राहिली आणि जेवणाचा आनंदही उणावला नाही. पदार्थ स्वीकारताना त्यातील काय ठेवायचे आणि काय बदलायचे हे ठरवण्याची ही रीत आपल्या आधीच्या पिढ्यांनी पुरती आत्मसात केली होती. डिनर रोलच्या बाबतीत तीच रीत पुन्हा वापरायची आहे.

पाव आला कोठून

पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतील आहे. पायांनी तुडवतात म्हणून पाव, अशी जी समजूत पूर्वी घरोघरी सांगितली जाई, तिला आधार नाही. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि त्यांच्याबरोबर फुगवलेल्या, भट्टीत भाजलेल्या गव्हाच्या पावाची चाल आली. गोव्यातील पाव भाजणारे पोदेर पीठ फुगवण्यासाठी माडाची ताडी वापरीत. ताडी ही मादक वस्तू असल्यामुळे आपल्या समाजातील जुन्या मंडळींनी पावाकडे पाठ फिरवली, हे समजण्यासारखे आहे. पुढे ताडीची जागा कारखान्यात तयार होणाऱ्या यीस्टने, म्हणजे खमिराने घेतली, तरी प्रश्न संपला नाही.

यीस्ट ही एकपेशी बुरशी आहे. १८५७ च्या सुमारास लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने किण्वन ही सजीव सूक्ष्म पेशींची क्रिया असल्याचे प्रयोगांनी दाखवून दिले. ओलसर, उबदार पिठात या पेशी साखर खातात, वाढतात आणि कर्बवायू सोडतात. त्या वायूने पीठ फुगते. त्याबरोबर अल्प प्रमाणात मद्यार्कही तयार होतो आणि भट्टीच्या उष्णतेने तो बहुतांशी उडून जातो. ज्या धर्मविचारात सूक्ष्म जीवांचा विचार इतक्या बारकाईने केलेला आहे, त्यात वाढलेल्या आजीला बाजारच्या पावाविषयी शंका वाटावी, यात मागासलेपण काहीच नाही. तिच्या शंकेला प्रयोगशाळेचाही दुजोरा आहे.

आजीच्या प्रश्नाची उत्तरे

बाजारातील लोणीदार रोलविषयी मनात येणाऱ्या शंका पाच प्रकारच्या आहेत. त्या एकेक करून पाहिल्या म्हणजे उपायही एकेक करून सापडतात.

पहिली शंका खमिराची. डब्यावरील हिरवा ठिपका पदार्थात मांस, मासे व अंडे नाही एवढेच सांगतो. अंडे असलेल्या पदार्थावर आपल्या देशात तपकिरी खूण करावी लागते. परंतु यीस्ट, लसूण, कांदा आणि लोणी यांविषयी हिरवा ठिपका काहीही बोलत नाही. त्यासाठी मागील बाजूची घटकांची यादीच वाचावी लागते आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या रोलला ती यादीही नसते.

दुसरी शंका लसणाची. पाश्चात्त्य पद्धतीच्या रोलवर जे लोणी लावतात त्यात बहुधा लसूण असतो. तो कंदमूळ असल्यामुळे अनंतकाय ठरतो आणि वर्ज्य होतो. तिखट, उग्र गंधाची ही उणीव आपल्या स्वयंपाकघरात हिंग पूर्वीपासून भरून काढीत आला आहे. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ व डिंक मिसळलेला असतो. म्हणून यादी पाहून हिंग घ्यावा आणि तो गरम तुपात विरघळवूनच वापरावा.

तिसरी शंका लोण्याची. श्वेतांबर परंपरेत मध, मद्य व मांस यांच्याबरोबर लोण्याची गणना चार महाविगयांत होते. दिगंबर परंपरेतही ताकातून निघालेले लोणी अंतर्मुहूर्ताच्या आत, म्हणजे ४८ मिनिटे पूर्ण होण्यापूर्वी, कढवून त्याचे तूप करण्याचा दंडक आहे. नागपूरच्या इतवारी भागातील मस्कासाथ या बाजाराच्या नावातच मस्का असला, तरी त्याच परिसरातील जैन घरांत तुपाचीच बरणी असते. पाकक्रियेच्या दृष्टीने हा बदल अवघड नाही. बाजारच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्या भागात मुख्यतः पाणी. तुपात जवळपास सर्वच स्निग्धांश असतो. म्हणून पाश्चात्त्य कृतीत १०० ग्रॅम लोणी सांगितले असेल तेथे ८० ग्रॅम तूप घ्यावे आणि दूध किंवा पाणी एक-दीड मोठा चमचा वाढवावे.

चौथी शंका पाल्याची. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो ही नावे परकी वाटतात, परंतु त्यांचे सोयरे आपल्या दारात आहेत. थाइमचा गंध ज्या थायमॉल नामक द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य ओव्यात असते. गजऱ्यात गुंफला जाणारा मरवा हा ओरेगॅनोच्याच कुळातील आहे. म्हणून ओवा, मिरे, पुदिना, कोथिंबीर आणि कसुरी मेथी एवढ्या सामग्रीत हवा तो सुगंध साधता येतो. मात्र चातुर्मासात आणि पर्वतिथींना बहुतेक घरांत हिरवा पाला वर्ज्य असतो. अशा दिवशी ओवा, मिरे, जिरे आणि हिंग यांवरच भागवावे; रोलची चव त्याने कमी होत नाही. वाळवलेला पाला अशा दिवशी चालतो की नाही, याविषयी घराघरांची रीत वेगळी असते. ती विचारून घ्यावी.

पाचवी शंका काळाची. रोल कधी भाजला, कोणी भाजला, त्याचे पीठ कधीचे होते? रात्र उलटलेला ओलसर पदार्थ आपल्याकडे वासी ठरतो. पिठाचीही मर्यादा अनेक घरे पाळतात. दिगंबर परंपरेत ती पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची सांगितली जाते. बाजारातील मैदा या मर्यादेत बसणे कठीण. त्यामुळे ज्या घरात ही मर्यादा पाळली जाते तेथे ताजा गहू दळून, त्याची कणीक मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करून घ्यावी. कोंडा वर राहतो आणि खाली मैद्याच्या जवळ जाणारे, किंचित पिवळसर पीठ मिळते.

बर्मिंगहॅममधील एका घराची गोष्ट

खमिरावाचून पीठ फुगवण्याचा मार्ग एका कौटुंबिक अडचणीतून निघाला, ही गोष्ट आपल्या गृहिणींना निश्चित आवडेल. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. पत्नीला कस्टर्ड खाता यावे म्हणून बर्ड यांनी १८३७ साली अंड्यावाचून होणारी कस्टर्ड पावडर तयार केली आणि तिला पाव खाता यावा म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. या गृहस्थांचा अहिंसेच्या व्रताशी काही संबंध नव्हता. परंतु घरातील एक माणूस जे खाऊ शकत नाही ते वगळून सर्वांना खाता येईल असे काही करावे, ही त्यांची प्रेरणा आपल्या स्वयंपाकघराला परकी नाही.

बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा, एक किंवा दोन आम्लधर्मी क्षार आणि ओल शोषून घेण्यासाठी थोडे स्टार्च असते. ओलावा लागताच सोडा व आम्ल यांचा संयोग होऊन कर्बवायू सुटतो. यीस्ट जे काम काही तासांत करते ते ही रासायनिक क्रिया काही मिनिटांत करते आणि तिच्यात कोणताही जीव वाढवावा लागत नाही. सोडा आणि आंबट ताक यांवर फुगवलेला पाव आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून घरोघरी केला जातो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. सोड्यावर फुगवलेला रोल यीस्टच्या रोलसारखा तंतू सुटणारा, कापसासारखा होत नाही. तो अधिक भुसभुशीत, खुसखुशीत आणि तुपाच्या चवीचा होतो. रोडगा व पाव यांच्या मध्ये कोठेतरी त्याची जागा आहे. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो, असा त्याचा दोष सांगतात. परंतु ज्या घरात रात्र उलटलेला पदार्थ खाल्लाच जात नाही तेथे हा दोष खात्यावर चढतच नाही.

कृती

आठ रोलसाठी साहित्य असे : वस्त्रगाळ कणीक किंवा मैदा २५० ग्रॅम, मोहनासाठी तूप ५० ग्रॅम, उकळून कोमट केलेले दूध सुमारे १५० मिलिलिटर, लिंबाचा रस १ मोठा चमचा, बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, साखर १ चहाचा चमचा, मीठ पाऊण चहाचा चमचा, ओवा अर्धा चहाचा चमचा, ताजे कुटलेले मिरे पाव चमचा. वरून लावण्यासाठी तूप ३० ग्रॅम, हिंग चिमूटभर आणि, तिथी व रीत पाहून, कसुरी मेथी किंवा बारीक चिरलेली कोथिंबीर दोन मोठे चमचे.

प्रथम बेकिंग पावडर ताजी आहे का हे पाहावे. गरम पाण्यात चिमूटभर टाकली असता ती जोराने फसफसली पाहिजे. ओवा निवडून घ्यावा. कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि साखर एकत्र करून दोनदा चाळावे. यात जयणाही साधते आणि सोडा सर्वत्र सारखा मिसळतो. सोड्याची गुठळी राहिली तर त्या घासाला कडवट, साबणासारखी चव येते.

भट्टी आत काही नाही ना हे पाहून २०० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावी. हे काम पीठ भिजवण्यापूर्वीच करावे, कारण भिजवलेले पीठ थांबत नाही. चाळलेल्या पिठात थिजलेले तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. पीठ रव्यासारखे भुरभुरीत दिसू लागले आणि मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका वळला म्हणजे मोहन बरोबर झाले, असे समजावे. करंजीचे मोहन ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. मे महिन्यातील नागपुरी उन्हाळ्यात तूप पातळ होऊन वाहत असते. तेव्हा ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून घ्यावे.

ओवा व मिरे घालावेत. कोमट दुधात लिंबाचा रस मिसळावा. दूध फाटल्यासारखे दिसते, ते तसेच हवे. हे दूध पिठात ओतून हलक्या हाताने गोळा करावा. सर्व दूध एकदम ओतू नये; पीठ किती दूध पिईल हे गव्हावर अवलंबून असते. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारा असावा. येथे पोळीच्या सवयीने पीठ मळू नये. जास्त मळल्यास चिवटपणा येतो आणि सुटलेला वायूही निघून जातो. गोळा एकत्र आला की थांबावे.

गोळ्याचे आठ सारखे भाग करावेत. तुपाचा हात लावलेल्या २० सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीत ते एकमेकांना टेकून ठेवावेत. टेकलेल्या बाजू मऊ राहतात. वरून दुधाचा हात फिरवून लगेच भट्टीत ठेवावे. अठरा ते वीस मिनिटांत वरचा भाग बदामी होतो. मधल्या रोलमध्ये सळई खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे रोल भाजले गेले.

दरम्यान ३० ग्रॅम तूप मंद आचेवर तापवून त्यात हिंग विरघळवावा, आच बंद करून कसुरी मेथी किंवा कोथिंबीर घालावी. रोल बाहेर निघताच हे तूप त्यांवर सढळ हाताने लावावे आणि स्वच्छ कापड झाकून पाच मिनिटे ठेवावे. आतील वाफ कापडाखाली कोंडली जाऊन वरची साल मऊ होते.

ज्यांना बाजारची बेकिंग पावडरही नको असेल त्यांनी ती वगळून अर्धा चहाचा चमचा सोडा आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस घ्यावा व दूध तेवढेच कमी करावे. रोल किंचित कमी फुगतात, परंतु चवीत उणे पडत नाहीत. ज्या घरात विजेची भट्टी नाही तेथे जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, त्यावर तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर हे रोल भाजता येतात. वेळ मात्र तीस मिनिटांपर्यंत लागतो आणि वरचा रंग फिकट राहतो. बाटीसाठी घेतलेला गॅस तंदूर असेल तर तोही चालतो. रक्तदाब असलेल्यांनी सोड्यातही सोडियम असते हे ध्यानात ठेवून मीठ निम्मे करावे.

घड्याळाचा हिशेब

पदार्थ उत्तम होऊनही वेळ चुकली तर चौविहार करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वच व्यर्थ. मुंबईहून आलेले पाहुणे येथे हमखास फसतात. नागपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे सहा रेखांश आहे आणि एका रेखांशामागे चार मिनिटे या हिशेबाने नागपूरचा सूर्य मुंबईच्या आधी पंचवीस मिनिटे मावळतो. हिवाळ्यात हा फरक अर्ध्या तासाच्या घरात जातो. मुंबईत सहा वाजता जेवण संपवणाऱ्याला नागपुरात डिसेंबरमध्ये साडेपाचच्या आतच उठावे लागते. जून महिन्याच्या अखेरीस मात्र सूर्यास्त सातच्या सुमारास होत असल्याने हाताशी बराच वेळ असतो.

सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, जेवण आटोपण्याची ज्या घरांची रीत आहे तेथे डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आत पाने उचलली गेली पाहिजेत. त्यावरून उलटा हिशेब करावा. सव्वाचारला सर्वांनी पानावर बसायचे. सव्वाचारलाच रोलवरचे कापड निघायचे. चार वाजून दहा मिनिटांनी तूप लावून व्हायचे. तीन पन्नासला ताटली भट्टीत जायची. साडेतीनला पीठ चाळायला घ्यायचे. यीस्टचा रोल करायचा तर दोनदा फुगवण्यात आणि भाजण्यात मिळून सुमारे तीन तास जातात. सोड्याचा रोल पाऊण तासात पानावर येतो. व्रताने घातलेली मर्यादा आणि पदार्थाची सोय येथे एकमेकींना पूरक ठरतात.

दोन टोपल्या, एक पंगत

एवढे करूनही सर्व घरांचे एकमत होईल, असे नाही. काही घरे यीस्ट चालवून घेतात, काही घरांना सोड्यावर फुगवलेला रोलही पावाच्या आकारामुळे नकोसा वाटतो, कोणाचा हरी पाल्याचा त्याग असतो, तर कोणाचे त्या दिवशी आयंबिल असते आणि मग तुपाचा प्रश्नच येत नाही. याविषयी निवाडा देणे हे स्वयंपाकघराचे काम नव्हे. ज्याने नियम घेतला त्याने आपल्या गुरुमहाराजांना किंवा घरातील जाणत्यांना विचारावे. वाढणाऱ्याचे काम एकच : पदार्थात जे आहे ते आहे तसे सांगणे.

म्हणून गोतावळ्यात दोन प्रकारचे रोल असतील तर ते दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवावेत, त्यांचे चमचे-चिमटे वेगळे असावेत आणि कोणत्या टोपलीत काय आहे हे वाढण्यापूर्वीच मोठ्याने सांगावे. "थोडंसंच आहे, काही होत नाही" हे वाक्य पंगतीत कोणी उच्चारू नये. व्यापारी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते की, ग्राहक माल पाहून घेतो, पण परत येतो तो शब्दावर विसंबून. पानावरही तोच न्याय लागू आहे. एकदा फसवणूक झाली असे वाटलेले ज्येष्ठ पुढच्या वेळी काही बोलत नाहीत. ते फक्त फुलका मागतात.

आणि नव्या पिढीवर विश्वास टाकण्याची जबाबदारी ज्येष्ठांवरही आहेच. परगावी राहणाऱ्या मुलांनी मऊ रोलची आवड जोपासली म्हणजे त्यांनी घर सोडले, असे नव्हे. त्यांच्या आवडीला घरच्या चौकटीत जागा मिळाली तर तीच मुले पीठ वस्त्रगाळ का करायचे, तुपाऐवजी लोणी का नाही, भट्टी पेटवण्यापूर्वी आत का पाहायचे हे आपणहून विचारतात. उपदेशाने जे शिकवता येत नाही ते पीठ चाळताना सहज शिकवले जाते.

अशा घरात पुढच्या रविवारी दृश्य थोडे निराळे असते. साडेतीनला नातू चाळणी हातात घेतो, आजोबा तराजूवर ५० ग्रॅम तूप मोजून देतात, धाकटी नात आठ गोळे सारखे झाले का ते पुन्हा पुन्हा तपासते. मोहन जमले की नाही हे मात्र आजीच मुटका वळून पाहते. सव्वाचारला कापड निघते, हिंगाचा आणि ओव्याचा वास घरभर पसरतो. आजी पहिला रोल हातात घेऊन फोडते. या वेळी ती काही विचारत नाही, कारण त्यात काय काय घातले आहे हे तिने स्वतःच पाहिलेले असते. उन्हे अजून अंगणात असतात आणि सर्वांच्या पानावर एकच पदार्थ वाढलेला असतो.